गल्लीला ठाऊक नसलेलं स्थळ

मुलीकडचा निरोप मुलाकडे न्यायचा, मुलाकडचा मुलीकडे आणायचा आणि होकार येईपर्यंत कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही, यात राजिवड्यातल्या हफीजाखालांचं आयुष्य गेलं. नकार आलाच, तर पोरीच्या नावाची चर्चा नको, म्हणून ही गुप्तता. त्यामुळे नात झोया टीव्हीवर उडणाऱ्या वीरांचे सिनेमे लावायची, तेव्हा खालांचं लक्ष वीरांकडे नसायचंच. त्यांची नजर वीरांच्या पाठीशी असलेल्या गुप्तहेर संस्थेवर.

"अगो, ही गुप्त संस्था? भर शहरात एवढी मोठी इमारत, वर बिल्ला! हेलिकॉप्टरवर बिल्ला, कपावर बिल्ला! आणि कोण समोर आला की आधी सांगतात, आम्ही गुप्त आहोत म्हणून!"

"दादी, सिनेमा हाय तो."

"असू दे. यांच्या हाती एक स्थळ दिलं, तर दुपारपर्यंत मिरकरवाड्यात पोचेल."

झोया हसायची. पण तिचं स्वतःचं स्थळ गेल्या वर्षी असंच फुटलं होतं. होकार यायच्या आधीच गल्लीने मुबारकबाद देऊन टाकली, मग नकार आला, आणि पोरीने लग्नकार्याला जाणंच सोडलं. आता दुबईहून सुट्टीवर आलेल्या रेहानचं स्थळ होतं आणि तिला तो मनापासून आवडला होता.

"पुन्हा तसं झालं तर मी घराबाहेर पडणार नाय, दादी."

यंदा वाऱ्यालाही कळू द्यायचं नाही, असं खालांनी ठरवलं.

आता गंमत बघा. बाजारात जुन्या बुरख्यात जाणाऱ्या खाला स्थळाला निघाल्या की रेशमी बुरखा घालत आणि दुबईचं अत्तर लावत. तो वास गल्लीच्या टोकापर्यंत जाई. हे सगळ्या राजिवड्याला माहीत, फक्त खालांना नाही. यंदाही तशाच नटून त्या रेहानच्या घरी निघाल्या आणि भाट्याचा पूल ओलांडताना त्यांनी रिक्षावाल्या दर्शनला ठासून सांगितलं, "आजारी माणसाला बघायला चाललेय."

"बरं वाटू दे हो त्यांना लवकर," दर्शन गंभीर चेहऱ्याने म्हणाला आणि नेमक्या घरापाशी थांबला. घर कोणतं, हे खालांनी सांगितलंच नव्हतं, पण घाईत त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही.

पुढे कोणी काही विचारलं नाही. चोंबडेपणात पहिला नंबर असलेली मासेवाली सोनूबाईसुद्धा मुकाट्याने बांगडे मोजून जाई. खाला स्वतःवर बेहद्द खूश होत्या.

होकार आला. खाला साखरेची वाटी आणि सोबत झोयाला घेऊन दारोदार निघाल्या. जो तो "काय सांगता!" म्हणून तोंडाचा आ करी. सोनूबाईने तर इतकं आश्चर्य दाखवलं की खाला थबकल्या.

"सोनू, खरं सांग. तुला ठाऊक होतं?"

सोनूबाई ओशाळली. "समद्यांनाच होतं, खाला. पण गेल्या खेपेला आमच्या बडबडीनं पोर घरात बसली. तवा यंदा म्हटलं, कोणी तोंड उघडायचं नाय."

खालांच्या डोळ्यांत पाणी आलं. झोया मागेच उभी होती. आपल्या पाठीमागे सगळे हसतात, असं ती इतके दिवस समजून चालली होती. ती पुढे झाली, दादीच्या हातातली वाटी घेतली आणि स्वतःच्या हाताने सोनूबाईच्या तोंडात साखर घातली.