स्विचपाशी उभं राहायला माणूस

ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात टेस्टिंगला दोन माणसं लागत. एक तारांना हात लावणारा, दुसरा स्विचपाशी उभा राहणारा. पहिला कोसळला तर दुसऱ्यानं दांडा खाली ओढायचा. बावीस वर्षं तारांपाशी मौनी होता आणि स्विचपाशी रेडिओ. नावं कारखान्यानंच ठेवलेली. रेडिओचं तोंड कधी बंद नसायचं, आणि मौनीच्या तोंडून दिवसाकाठी चार शब्द निघाले तर डोक्यावरून पाणी.

“रिटायर झालो की टेस्ला कॉइल करायची,” रेडिओ म्हणायचा. “घरात हातभर वीज पाडू, तू अन् मी.” मौनी मान डोलवायचा.

रिटायर होऊन सहा महिने झाले असतील नसतील, रेडिओ स्वतःच्याच दारात कोसळला आणि गेला. बायकोच्या, म्हणजे मौनीच्या वहिनींच्या, देखत.

मौनीनं लग्न केलं नव्हतं. एक वर्ष त्यानं भिंतींकडे बघून काढलं आणि मग एके दिवशी कॉइलच्या हिशोबासाठी वही उघडली. बंद पडलेल्या एका दुकानाच्या निऑन पाटीचे दोन ट्रान्सफॉर्मर मिळवले, प्रत्येकी बारा हजार व्होल्टचे. दोन्ही एकत्र जोडायचे तर टोकं जुळायला हवीत, एक उलटं लागलं की दोघं एकमेकांवरच उठतात. अगदी थोड्या व्होल्टवर मीटर लावून त्यानं टोकं जुळवली, लाल खुणा केल्या. वीज बंद केली तरी कॅपॅसिटर ती पोटात धरून बसतात, म्हणून ती जिरवायला प्रत्येकावर एकेक रेझिस्टर टाकला. कागदावर सगळं चोख बसलं. राहिला तो फक्त स्विचपाशी उभा राहणारा माणूस.

तो वहिनींकडे गेला.

“मला काय कळतंय त्या विजेतलं, भावजी?”

“कळायला नकोच. मी पडलो, तर दांडा ओढायचा.”

वहिनींनी दाराकडे पाहिलं. “एकाला पडताना पाहिलंय मी. पुन्हा नका पाहायला लावू.”

मौनी उठला. चपला घालून निघाला.

मग त्यानं पायाखालची कळ बनवली. दाबून धरली तरच वीज, पाय सुटला की बंद. वीज न जोडता त्यानं तीनदा फरशीवर अंग टाकून पाहिलं. तिन्ही वेळा कळ सुटली. तिसऱ्यांदा तो तसाच पडून राहिला. उठवायला कोण येणार होतं?

रविवारी दुपारी पडदे ओढून, वीज छातीतून जाऊ नये म्हणून एक हात खिशात घालून त्यानं कळ दाबली. आधी घरघर, मग कडाडत जांभळ्या फांद्या फुटल्या, छताकडे चाचपडत गेल्या.

“अरे, बघ की!” मौनी ओरडला. त्या कडकडाटात त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही. त्यानं वळून पाहिलं. मागे कपाट होतं.

पाय उचलला तशी खोली एकदम गप्प झाली. अर्थिंगची काठी लावून त्यानं कॅपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री केली आणि वहिनींना फोन केला.

“झालं. मी ठीक आहे.”

“सुटले बाई.” मग जरा थांबून, “कसं दिसलं हो?”

त्यानं शब्द शोधले. “जांभळं,” तो म्हणाला.

वहिनी आणखी काही येईल म्हणून थांबल्या. आलं नाही.

“बरं. जेवून घ्या वेळेवर.”

फोन ठेवून त्यानं वहीत लिहिलं, ‘ठिणगी चौदा इंच’, आणि पडदे बाजूला सारले. बाहेर अजून लख्ख ऊन होतं.