ज्वालामुखीखालचा खंदक

लान्स नायक काशिनाथ गावित, गाव हरसूल, याच्यावर अन्याय झाला तो गेल्या पावसाळ्यात, एका मंगळवारी, दिवस उगवायच्या वेळी. ‘हृदय बंद पडून मृत्यू’ एवढं लिहून फौजेनं विषय मिटवला. हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. कशानं, ते मी सांगतो. मी तिथे होतो.

आमचं पोस्टिंग आफ्रिकेत, शांतिसेनेत. पोस्ट जिवंत ज्वालामुखीच्या पायथ्याशी. आधी लेक्चर झालं: लाव्हा, राख, धक्के, सायरन वाजला की उंचावर पळा. जमिनीतून निघणाऱ्या वायूबद्दल एक वाक्य नाही. त्याला रंग नाही, वास नाही. हवेपेक्षा जड, म्हणून वारा पडला की खोलगट जागी साचतो. आणि आम्ही फौजी. पोहोचल्या पोहोचल्या खोलगट जागा बघूनच खंदक खणला.

दोन-तीनदा सकाळी खंदकात मेलेली पाखरं दिसली. काशिनाथ, आमचा काशीदादा, कुकला म्हणाला, “उस्ताद, तुझी खिचडी पाखरांनाबी सोसंना.” हसलो, पाखरं फेकून दिली. इशारा तोच होता.

मंगळवारी डोंगर गडगडला. पहाऱ्यावरच्या सेंट्रीला वाटलं, मॉर्टरचा गोळा. ऑर्डर आली, “स्टँड-टू! सब मोर्चे में!” सेक्शन खंदकात उतरला. आवाज झाला की खाली, हे हाडात मुरलेलं. मी वर रेडिओवर होतो. दोघे गुडघ्यावर आले, मग आडवे. काशीदादासकट बाकीचे धडपडत बाहेर पडले. मास्क होते. मास्क हवा गाळतो. नसलेला ऑक्सिजन कुठून आणणार?

रेडिओवर मुख्य ठाण्यानं विचारलं, “पोस्ट टू, फायर कुठून? ओव्हर.”

“फायर नाही. खंदकात माणसं पडलीत. ओव्हर.”

“कव्हर सोडू नका. ओव्हर.”

काशीदादा म्हणाला, “सांग त्यांना, कव्हरच मारतंय.” श्वास रोखून उतरला, एकाला वर काढलं. पुन्हा उतरला, दुसऱ्याला खालून वर ढकललं. मी त्या दुसऱ्याला हात धरून वर खेचलं. काशीदादा वर आला नाही. ऊन चढून वारा सुटेपर्यंत आम्हाला खाली जाता आलं नाही.

वाचलेले दोघे साक्ष द्यायला तयार आहेत. विचारायला कुणी आलेलं नाही. त्याची आई मात्र शेजारणींना सांगते, “पोराचं काळीजच कमजोर व्हतं म्हनं.”

हळहळू नका. येत्या बाजाराला हरसूलला या, फौजेकडच्या मागणी-अर्जावर सही करा: काशिनाथ गावित साथीदारांना वाचवताना ज्वालामुखीच्या वायूनं गेला, असं फौजेनं लिहून द्यावं. आणि तुमच्या घरातलं कुणी उद्या अशा पोस्टवर चाललं असेल, तर आजच विचारा, खंदक कुठे खणणार आहात?