पहिली फैर कुठे गेली?

सिल्वासाजवळच्या खडोलीला आमच्या कारखान्यात रमाकांत चुरींना सगळे ‘पायलट’ म्हणायचे आणि ते दर वेळी तितकेच चिडायचे. “मी पायलट नव्हतो रे, मी पायलटांच्या फिल्म धुवायचो!” मूळचे चिंचणीचे. हवाई दलाच्या फोटो विभागात वीस वर्षं काढून १९८४ साली सिल्वासाला आले आणि औषधाच्या बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं तपासायला लागले. मी प्रमोद, नाशिकहून आलेला नवा इंजिनियर, त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान आणि चौपट शहाणा. निदान माझी तशी पक्की समजूत होती.

चहाच्या सुट्टीत कोणीतरी हमखास त्यांची कळ काढायचं. पायलट जिंकतो कशामुळे? धाडस? नजर?

“नजर सगळ्यांचीच चांगली, नायतर विमानात कोण बसवतो?” चुरीकाका बशीत चहा ओतत म्हणायचे. “समोरचा आपल्याला बघायच्या आत आपण त्याला बघायचा, हे खरं. पाठीमागे मान फिरवत राहायची, हेही खरं. पण गोची होते ती पुढे. गनचं बटण दाबलं की विमानातला कॅमेरापण चालू होतो. सरावानंतर उतरल्यावर पायलट सांगायचा, दोनशे यार्डांवरून मारलं. मी फिल्म धुतली की त्यात समोरचं विमान माशीएवढं! सहाशे यार्ड! लांबूनच दाबलेलं असायचं. अंदाज, दुसरं काय!”

मग ते एका काटकुळ्या तमिळ पायलटची गोष्ट सांगायचे. बाकीचे आपली फिल्म बघायला टाळाटाळ करायचे. हा मात्र रोज संध्याकाळी अंधाऱ्या खोलीच्या दाराशी हजर. स्वतःच्या चुका सगळ्यांसमोर पडद्यावर लावायला सांगायचा, सहाशेचे चारशे, चारशेचे दोनशे करत गेला. एकाहत्तरच्या लढाईत त्याने शत्रूचं विमान पाडलं. तळावर नुसता जल्लोष, कोणी हार घालतंय, कोणी खांद्यावर उचलतंय. हा त्या गर्दीतून सुटून चुरींकडे आला आणि म्हणाला, “दुसऱ्या फैरीत पडलं. पहिली कुठे गेली ते दाखव.”

ही गोष्ट मी पंचवीस वेळा तरी ऐकली असेन, आणि एकदाही नीट ऐकली नव्हती.

१९८९च्या फेब्रुवारीत मुंबईच्या औषध कंपनीने आमचा माल परत पाठवला. झाकणं सैल होती, खोक्यांत सिरप सांडलं होतं. मशीन होतं नथूचं. नथू जवळच्या अथालचा, सहा वर्षं काम केलेला जुना कामगार, तोंडाने कमी आणि हाताने जास्त बोलणारा. मी अर्ध्या तासात निकाल लावला: माल जास्त निघावा म्हणून नथूने झाकणं साच्यात थंड होण्याचा वेळ कमी केला, त्याला कामावरून काढावं. टाइप केलेला, सहीचा, माझ्या मते झकास रिपोर्ट. शनिवारी सकाळी पाळी सुरू होण्याआधी मॅनेजर सबनीस तो सगळ्यांना वाचून दाखवणार होते. नथूने माझ्याकडे एकदाच बघितलं आणि विचारलं, “साहेब, मी टाइमला हात नाय लावला. तुम्ही माल बघितला का?” मी रिपोर्ट घेऊन ऑफिसकडे निघालो.

शुक्रवारी दुपारी चुरीकाका परत आलेल्या झाकणांचं पोतं घेऊन खिडकीत बसले, ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. मला वाटलं, म्हाताऱ्याला आता काम उरलं नाही.

शनिवारी सबनीसांनी कागद उघडला, तेवढ्यात काका पुढे आले आणि त्यांनी टेबलावर त्यातली मूठभर सैल झाकणं ओतली.

“आमच्या साच्यात आठ घरं. प्रत्येक झाकणाच्या आत आपल्या घराचा नंबर उमटतो. वाचा कोणीतरी.”

एकाने वाचलं. सहा. सहा. परत सहा. सगळी सहाच.

“थंड व्हायला वेळ कमी दिला असता तर आठही घरांची झाकणं सैल निघाली असती. खराबी फक्त सहा नंबरात आहे. ते घर तीन आठवड्यांपूर्वी दुरुस्त केलं. त्यानंतर आठही घरांची झाकणं गेजने मोजायची होती. रजिस्टरला लिहिलंय, आठ मोजली. सही रमाकांत चुरी.” त्यांनी रजिस्टरचं पान उघडून पुढे केलं. “मी चार मोजली. पुढची चार उजेडात धरली, बरी दिसली, पास केली. अंदाज केला. नथूचा यात काय दोष नाय.”

सबनीस गडबडले. “चुरी, आत चला, आत बोलू.”

“आत कशाला? नथूला काढणार होतात ते इथेच ना, सगळ्यांसमोर?”

त्या पोत्यातलं एकही झाकण मी उलटं करून बघितलं नव्हतं. रजिस्टरचं ते पान कोणी उघडलंही नसतं, आणि हा माणूस ते स्वतः उघडून उभा होता. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की स्वतःची लाज बाजूला सारून मी बोललो, “सर, रिपोर्ट माझा आहे आणि तो खोटा आहे. मी काहीच तपासलं नव्हतं. नथू, माझं चुकलं.”

सबनीसांनी रिपोर्ट फाडला, पण राग कुठेतरी निघायलाच हवा होता. “चुरी, सोमवारपासून तुम्ही स्टोअरमध्ये. चेकिंगला दुसरा माणूस येईल.”

“बरोबर आहे,” काका म्हणाले आणि झाकणं गोळा करायला लागले.

सगळे पांगले. नथू आपल्या मशीनपाशी गेला, पण बटण न दाबता हाताची घडी घालून उभा राहिला. सबनीस ओरडले, “अरे, चालू कर!”

“माझे मशीनचा माल चुरीकाकाच बघतील,” नथू म्हणाला. “दुसरा कोण पास करणार असेल तर मी माल नाय काढणार.”

सहा वर्षांत त्याला एवढं बोलताना कोणी ऐकलं नव्हतं. सबनीस एकदा बंद मशीनकडे, एकदा घड्याळाकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी काकांना नुसती मान हलवून नथूच्या मशीनकडे जायला सांगितलं. काकांनी आदल्या पाळीतली आठही घरांची झाकणं घेतली आणि एक नंबरपासून गेजने मोजायला लागले; सहावं सैल निघालं, ते घर बंद ठेवायला सांगितलं. आठवं झाकण मोजून होईपर्यंत नथूने बटणाला हात लावला नाही, आणि मीही तिथून हललो नाही.