शेवंतामावशीची गुलाबदाणी

शेवंतामावशीचं बोट माझ्या बऱ्याच फोटोंत आहे. गेवराईत माझा लहानसा फोटो स्टुडिओ. पुण्याची एक कंपनी जुनी चांदी, चिनी मातीची भांडी, निजामाच्या काळातले फोटो असलं काय काय मोबाइलवरून लिलावात विकायची. मावशी त्यांना माल पुरवायची आणि मालाचे फोटो माझ्याकडून काढून घ्यायची. पण वस्तू हातची सोडायची नाही. पांढऱ्या कापडावर अत्तरदाणी मांडली तरी तिच्या बुडाला एक बोट टेकलेलंच. कंपनीवाले वैतागायचे. मी एकदा म्हणालो, "मावशी, मी काय पळून चाललोय का?"

"तू पळणार न्हाईस," ती म्हणाली. "पन वस्तू बदलशील."

जुन्याच्या बदल्यात स्टीलची भांडी देणारी ती बाई. डोक्यावर पाटी घेऊन चाळीसेक वर्षं तिनं गेवराई तालुक्यातली गावं पालथी घातलेली. आधी ती चांदीची मोड सराफाला वितळवायला द्यायची. वस्तू न मोडता विकली तर लिलावात जास्त मोल येतं हे तिला उतारवयात कळलं, तेव्हापासून तिचा सराफावरचा उरलासुरला विश्वासही गेला. चांदी हातात आली की ती आधी हुंगायची, मग कानाशी नेऊन नखानं वाजवायची. दुखणं आलं तर दोन डॉक्टरांकडे जायची आणि दोघांना वेगवेगळं दुखणं सांगायची, कोण खोटं औषध देतो ते बघायला. "मानूस लई गोड बोलाया लागला की आपल्या पिशवीला गाठ मारावी," असं ती माझ्यासमोर बसून, माझाच चहा पीत म्हणायची.

एका बाबतीत मात्र ती फार काटेकोर होती. माल कोणत्या घरातून आला ते ती कधीच सांगायची नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "बाई घरातली वस्तू माज्या पाटीत टाकती, तवा संगं लाज बी टाकती. ती दुसऱ्याला दाखवायची नसती."

मागच्या दिवाळीनंतर तिनं तीन वस्तू आणल्या. चांदीची उंच गुलाबदाणी, पोटाला एक पोचा आलेला. निळ्या वेलबुट्टीची, कमरेइतकी बरणी. आणि एक जुना फोटो: शेरवानी घातलेला, डोक्याला रुमाल बांधलेला म्हातारा खुर्चीत बसलाय आणि बाजूच्या तिवईवर तीच गुलाबदाणी, पोच्यासकट. फोटो बघून कंपनीवाले खूश झाले; लिलाव होईपर्यंत माल मावशीकडेच राहणार होता. फोटोतली वस्तू आणि फोटो एकत्र, असा माल रोज येत नाही.

आठ दिवसांनी चकलांब्याच्या पलीकडच्या एका गावातला माणूस पासपोर्टच्या फोटोसाठी आला. बोलता बोलता म्हणाला, आमच्या गावात तात्या म्हणून एक आहेत, त्यांच्या घरातली चांदीची गुलाबदाणी चोरीला गेली. नामदेव नावाच्या मेंढपाळाची मेंढरं खतासाठी तात्यांच्या रानात बसवली होती. तो पाणी मागायला घरात आला होता, त्यानंच नेली. गावानं त्याच्या मेंढ्या अडवून ठेवल्यात.

चोरीचा माल मावशीनं घेतला आणि मी त्याचे फोटो काढले! तिला विचारावं, तर ती सांगणार नाही हे मला माहीत. म्हणून मी चहावाल्याला विचारलं, मग सराफाला, मग स्टँडवरच्या रिक्षावाल्याला: ही बाई माल आणते कुठून? चोरांशी तिचं काही आहे का?

तिसऱ्या दिवशी मावशी स्टुडिओच्या दारात उभी.

"माज्याबद्दल गावभर इचारत फिरतोयस म्हनं? कावून?"

मी सगळं सांगून टाकलं. वर म्हणालो, "उद्या मी कंपनीला फोन करणार, मावशी. कुणाकडून घेतलं ते सांगा."

"ते म्या माज्या नवऱ्याला बी सांगितलं न्हाई कधी."

"मग तो नामदेव चोर ठरतोय. त्याची मेंढरं उपाशी उभी आहेत."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग निघून गेली. मला वाटलं, आता ही माल घेऊन गायब होणार. पण सकाळी मी शटर उघडायच्या आधी ती तिथं होती. बाजूला बरणी, काखेत गाठोडं. "गाडी काढ," म्हणाली.

माझ्या मोटारसायकलवर आम्ही बरणीसकट त्या गावात पोचलो. तात्यांच्या नव्या स्लॅबच्या घरासमोर माणसं जमली होती. नामदेव एका कडेला उकिडवा बसला होता. तात्यांचा मुलगा सुधाकर मावशीला बघून आत वळला.

"थांबा, सुधाकरराव," मावशी म्हणाली. तिनं गाठोडं सोडलं आणि गुलाबदाणी, फोटो खुर्चीत बसलेल्या तात्यांसमोर ठेवले. "तात्या, चोर चांदी नेतोय. पन दुसऱ्याच्या आज्याचा फोटू कुनी नेतोय का? आन् एवढी बरणी पाठीवर घिऊन मेंढरामागं पळंल का मानूस? म्या ह्या तिनी वस्तू तुमच्या सुधाकरकडून घेतल्या, ह्याच दारात. तुमी दवाखान्यात गेलता तवा."

सुधाकर ओरडला, "खोटं बोलती ही!"

"मंग फोटू गेला हे तुमी कावून सांगितलं न्हाई कुनाला?"

तात्यांनी फोटो मांडीवर घेतला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुटपुटले, "सोडा त्याच्या मेंढ्या."

नामदेव उठला. "तात्या, चोर म्हनताना समद्या गावाला ऐकू गेलं. आता न्हाई म्हनताना हळू कावून बोलता?"

तात्या खुर्चीचा दांडा धरून उभे राहिले. "नामदेवनं चोरी केली न्हाई," ते मोठ्यानं म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता.

गुलाबदाणी, बरणी तिथंच ठेवून आम्ही परत आलो. पण मावशीचं तोंड उघडलं ही बातमी तिच्या पाटीच्या आधी गावोगाव पोचली. बायका दार लोटून घ्यायला लागल्या. ही घेते आणि चारचौघांत सांगते, म्हणायच्या. लिलावाचा माल बंद झाला, मग स्टीलही खपेना. मी विचारलं, "मावशी, पस्तावा होतो का?"

"होतो की. लई होतो," ती म्हणाली. "रोजची भाकर गेली. पन दुसरं काय करता आलं असतं ते मला अजून सुचलं न्हाई."

उन्हाळ्यात ती लेकीच्या गावी, कड्याला, राहायला गेली आणि तिथंच पावसाळ्यात वारली. निघायच्या दिवशी मी तिला सोडायला स्टँडवर गेलो होतो. तीच आमची शेवटची भेट. इतके महिने बोलायचं राहिलेलं तेव्हा बोललो, "मावशी, मी तुमच्यावर संशय घेतला. चुकलं माझं."

"संशय घेतलास ते बराबर केलंस," ती म्हणाली. "म्या बी घेते. मानसानं घ्यावा. पन संशय आला की त्याच मानसाकडं जायचं असतं. तू चहावाल्याकडं गेलास."

ती गाडीत चढली, खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि शेजारच्या बाईपासून जराशी सरकली.