मानाच्या जोडीचा डाव

गुणवंता तसा गरीब गाय माणूस. कपाशी निंदावी, संत्र्याच्या पेट्या ठोकाव्या, संध्याकाळी बैलांशी गप्पा माराव्या. पण एक गोष्ट तो विसरला नव्हता, आणि विसरावी तरी का म्हणून?

मागं एका पोळ्याला त्याच्या बापाची, रामाजीची, सजवलेली जोडी तोरणाखाली सगळ्यात पुढं उभी होती. तेवढ्यात शेजारचा सुधाकर भर गर्दीत ओरडला, "अरे, यायच्या घरी सुतक हाये! लोधीखेड्याचा चुलता गेला. जामसावळीच्या मारुतीच्यान सांगतो!"

चुलता चांगला धडधाकट होता हो! पण ते कळेपर्यंत रामाजीची जोडी माघारी गेली आणि पहिला मान सुधाकरनं मारला. म्हाताऱ्यानं घरी येऊन बैलांच्या शिंगांची बेगड नखांनी खरवडली. त्यानंतर तो तोरणाकडं फिरकला नाही.

पुढं या मानावरून दरसाल डोकी फुटू लागली, तेव्हा गावातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या नत्थूजींनी नियम घातला. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या ओसरीवर तीन पत्ती खेळायची. सगळ्यांना सारखेच चिंचोके. ज्याचे संपले तो घरी. शेवटी जो उरेल, त्याची जोडी तोरणाखाली पहिली.

पंच्याऐंशी साली उरले दोघं: गुणवंता आणि सुधाकर. ढीग जवळपास सारखेच. खांदशेकणीची वेळ होत आली होती, घरोघर बैलांच्या खांद्यांसाठी लोणी-हळद काढून ठेवलेली. आणि सुधाकरनं आपले होते नव्हते ते सगळे चिंचोके मधोमध लोटून दिले.

गुणवंताजवळ सत्त्यांची जोडी. सगळं लावावं एवढं मोठं पान नव्हे. टाकून दिलं तर अर्धेअधिक चिंचोके हाती राहत होते, सावकाश खेळता आलं असतं. बायको मनकर्णानं निघताना बजावलं होतं, "रागात खेळू नका जी." आणि हरला तर बापाला काय तोंड दाखवणार? म्हातारा त्या पोळ्यानंतर यंदा पहिल्यांदाच बैलांची झूल काढून उन्हात घालून बसला होता.

त्यानं पत्ते खाली ठेवायला हात पुढं केला.

"टाक बे टाक," सुधाकर म्हणाला. "पान मोठं हाये माह्यं. जामसावळीच्या मारुतीच्यान!"

गुणवंताचा हात तिथंच थांबला. शपथ मागितली कोणी याला? दुपारी याला तीन राण्या आल्या तेव्हा हाच गडी मुकाट्यानं सुपारी कातरत बसला होता. शपथ याला फक्त खोट्यालाच लागते! त्याच्या अंगाचा नुसता भडका उडाला.

"दाखव," म्हणत त्यानं सगळे चिंचोके लोटले.

राजा, नव्वी आणि चौकी. ना जोडी, ना रंग.

नत्थूजी हसले. सुधाकर उठू लागला तसा गुणवंतानं त्याचं मनगट धरलं. "घरी जाऊन पाहून घे. कोणी मेलं-गिलं असंल त आताच सांग. उद्या तुही जोडी माह्या बापाच्या मागं उभी राहीन."

दुसऱ्या दिवशी रामाजी कासरा धरून तोरणाखालून पहिला गेला. सारं गाव बैल पाहत होतं. गुणवंता तेवढा मागं वळून सुधाकरचं तोंड पाहत होता, मन भरेपर्यंत.