बॉयलरपुढची लांबलेली आरती

"आधी माणसं भाईर, मग मशीन."

असं म्हणून सुभेदार कॉम्प्युटरच्या काचेच्या खोलीच्या दारात उभे राहायचे आणि दोनदा टाळी वाजवायचे. टाळी झाली की सर्व्हर बंद होणार, हे आम्ही ओळखायचं. हातातलं काम आवरायचं, फाईल बंद करायची, लॉगआऊट करायचं आणि निमूट बाहेर यायचं. कुणी "एकच मिनिट" म्हणालं, तर ते त्याच्या खुर्चीमागं जाऊन घसा खाकरायचे. ते मिनिट मग आपोआप संपायचं.

सगळे त्यांना सुभेदार म्हणत. फौजेच्या सिग्नल विभागातून ते हवालदार म्हणून सुटले होते. पुढची बढती आम्ही कारखान्यात दिली. मूळचे वडूजकडचे. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. यंत्र त्याच्या ताब्यात आहे की तो यंत्राच्या, हे शेवटपर्यंत कुणाला कळत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे ही. कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात मी रोजंदारीवर कॉम्प्युटर ऑपरेटर होते. आष्ट्याची पोरगी, टायपिंगच्या परीक्षा पास झालेली, एवढंच काय ते भांडवल. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर एकाच काळ्या वायरीत ओवलेले होते आणि सगळ्यांच्या फाईली काचेच्या खोलीतल्या सर्व्हरच्या डिस्कवर होत्या. आमच्या टेबलावरच्या मशीनमध्ये स्वतःचं असं काहीच नव्हतं. सर्व्हर चालू तर आम्ही शहाणे, तो बंद तर नुसते टीव्हीसमोर बसलेले.

त्या खोलीत चपला काढून जायचं, हा तेव्हा सगळीकडचाच रिवाज. सुभेदारांनी त्याचं शास्त्र केलं होतं. दारातल्या चपला बघून कोण आत आहे, कुणाची फाईल उघडी आहे, हे ते सांगत. हिशेब विभागातल्या एकाला त्यांनी पटवलं होतं की मशीनला तंबाखूचा वास कळतो. तो बिचारा रोज दारात चूळ भरून आत यायचा. शिपायाला सांगितलं होतं की सर्व्हरसमोर शिंक आली तर लगेच सॉरी म्हणायचं, आणि तो खरंच म्हणायचा. मी हसले की ते माझ्याकडं बघून डोळा मिचकवायचे आणि पुन्हा गंभीर व्हायचे. त्यांची सगळी विद्या खरी होती असं मी म्हणणार नाही. काही बिघडलं की पहिला संशय पालीवर, हे त्यांचं ठरलेलं होतं.

एका बाबतीत मात्र ते थट्टा करत नसत. आदल्या वर्षी कुणीतरी फाईल उघडी टाकून जेवायला गेलं आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. सर्व्हर परत लावला, तर डिस्क काही उघडेना. पुण्याहून इंजिनिअर आला, दोन दिवस बसला. डिस्क उघडली, पण उसाच्या नोंदींची फाईल अर्धी खराब झालेली निघाली. गावोगावच्या शेतकऱ्यांनी फाटकावर येऊन आमच्या खानदानाचा उद्धार केला आणि मी सगळ्या नोंदी पहिल्यापासून टाईप केल्या. तेव्हापासून सुभेदारांची ती टाळी सुरू झाली.

आता त्या दिवसाचं सांगते. गळीत हंगामाआधी बॉयलर पेटवायची पूजा होती. कुणाच्या उसाला कधी तोड मिळणार, याचा क्रम त्या वर्षी पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर लागणार होता. एमडी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून स्पष्ट सांगितलं होतं की पूजेच्या दिवशी संध्याकाळी क्रम छापून बाहेर आला, तर तुला कायम करतो, नाहीतर आपलं जुनं रजिस्टर बरं आणि तू घरी बरी. घरात कमावणारी मी एकटी होते. अख्खा पावसाळा मी त्या फाईलीत घातला होता आणि ती फाईल सर्व्हरच्या पोटात होती.

त्याच मुहूर्तावर विजेचं नवं पॅनेलही जोडायचं, असं वरून ठरलं. आरती संपली की भोंगा वाजणार आणि भोंग्याबरोबर मेन स्विच पडणार. यूपीएसच्या बॅटऱ्या दुरुस्तीला सांगलीला गेलेल्या. म्हणजे आरतीच्या आत सर्व्हर शिस्तीत बंद व्हायला हवा होता.

सुभेदारांनी टाळी वाजवली. सगळे उठले, चपला घालून पूजेला पळाले. दारात फक्त आमच्या दोघांच्या चपला राहिल्या. त्यांनी सर्व्हरला बंद होण्याची आज्ञा दिली, तर पडद्यावर उत्तर आलं की एक फाईल अजून उघडी आहे, तरीही बंद करू का? फाईल कुठली, तर उसाचीच.

जोर करून बंद केलं तर काय होईल, असं मी विचारलं. "गेल्या साली बघितलंस की," ते म्हणाले आणि 'नको' असं उत्तर देऊन उठले.

मग त्यांनी भिंतीवरची काळी वायर हातात धरली आणि तिच्यामागं चालत सुटले. मी त्यांच्या मागं. प्रत्येक मशीनपाशी थांबायचं, बघायचं, पुढं. वायर शेवटी शेती अधिकाऱ्यांच्या केबिनच्या दारावरून आत गेली. दाराला कुलूप. काचेतून बघितलं तर साहेबांचा कॉम्प्युटर चालू होता, क्रम लावायचं काम मध्येच थांबलेलं, आणि मॉनिटरच्या डोक्यावर टोपीसारखा घडी केलेला रुमाल टाकलेला.

तो रुमाल बघितला आणि सगळा उलगडा झाला. साहेबांच्या केबिनला चपलांचा कायदा लागू नव्हता आणि टाळी तिथवर ऐकू जात नव्हती. आपण येईपर्यंत आपल्या क्रमाला कुणी हात लावू नये, म्हणून त्यांनी यष्टीतली खिडकीची जागा धरावी तशी फाईल धरून ठेवली होती. वर कुलूप लावून ते पूजेला गेले होते. पूजेला म्हणजे नुसते बघायला नाही. यजमान म्हणून त्या वर्षी तेच जोडीनं बसले होते.

पूजेला बसलेल्या माणसाला मध्येच उठता येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. आम्ही बॉयलरपाशी पोचलो तेव्हा साहेब सोवळ्यात, हातात पळी, आणि गुरुजी आरतीचं तबक लावायला लागलेले. सुभेदार वीज विभागाच्या फोरमनकडं गेले. थोडं थांबता येईल का, म्हणून विचारलं. फोरमननं एमडी साहेबांकडं बोट दाखवलं आणि मुहूर्त हाय म्हणाला. मग सुभेदार प्रसाद मागायला वाकावं तसे शेती अधिकाऱ्यांच्या कानाशी वाकले. साहेबांनी ओठ न हलवता काहीतरी सांगितलं.

परत येऊन ते मला म्हणाले, "किल्ली साहेबांच्या प्यांटीत हाय. प्यांट गेस्ट हाऊसला. पळ."

"आणि सर्व्हर?"

"आज तू बंद कर."

त्यांच्या कारकिर्दीत त्या सर्व्हरला दुसऱ्या कुणाचं बोट लागलं नव्हतं. एमडी साहेबांनी एकदा कळफलकावर हात ठेवला, तर त्यांचाही हात सुभेदारांनी उचलून बाजूला केला होता. माझ्याकडून नीट होवो न होवो, हा माणूस माझ्यावर टाकतोय, एवढंच मला कळलं आणि रडू फुटायच्या आत मी पळाले. "झालं की व्हरांड्यातनं हात कर," ते मागून म्हणाले. "तवर हितलं मी बघतो."

गेस्ट हाऊसच्या आचाऱ्यापुढं मी शेती अधिकाऱ्यांच्या पँटचे खिसे चाचपत होते, ही गोष्ट त्यानं पुढं दोन हंगाम सांगितली. किल्ली साखळीनं पट्टा ओवायच्या लूपमध्ये अडकवलेली. निघता निघेना. शेवटी मी पँटच काखोटीला मारली आणि कार्यालयाकडं धूम ठोकली.

धावताना गणपतीची आरती संपल्याचं ऐकू आलं. तेवढ्यात सुभेदारांचा परेडचा आवाज उठला आणि देवीची आरती सुरू झाली. कुणी आरती उचलली की बाकीच्यांना टाळ्या वाजवाव्याच लागतात. मध्येच थांबवायची छाती एमडीलाही नसते. देवीची झाली, शंकराची झाली, दत्ताची झाली. मी केबिन उघडलं, रुमाल बाजूला केला, साहेबांचं थांबलेलं काम नीट पुरं होऊ दिलं. ते मशीन सावकाश, अगदी सावकाश चालत होतं. बाहेर विठोबाची आरतीही संपत आली होती. आता उरलं काय, असं मला वाटलं.

मग एक आरती सुरू झाली, जी मी जन्मात ऐकली नव्हती. चाल ओळखीची, शब्द नवे. कुठल्याशा आईला त्यात साकडं घातलेलं होतं.

"आतलं समदं भाईर येऊ दे, मगच दिवा मालवू दे."

लोक टाळ्या वाजवत होते, ध्रुवपद उचलत होते. केबिनमधली फाईल बंद करून मी काचेच्या खोलीत पळाले, चपला दारात काढायला त्या घाईतही विसरले नाही. आज्ञा टाईप केली. या वेळी सर्व्हरनं काही विचारलं नाही. डिस्क बंद झाली आणि पडद्यावर आलं की आता वीज काढायला हरकत नाही.

मी व्हरांड्यात आले आणि हातात होतं तेच हलवलं. सगळ्या कारखान्यानं पाहिलं की रोजंदारीवरची पोरगी शेती अधिकाऱ्यांची पँट फडकवते आहे. सुभेदारांनी तिथल्या तिथं आरती संपवली. भोंगा झाला, स्विच पडला.

दुपारी वीज आली. सर्व्हर त्यांनीच लावला. डिस्क उघडेपर्यंत ते माझ्याकडं बघत नव्हते आणि मी त्यांच्याकडं. उघडली. संध्याकाळी क्रम छापून बाहेर आला आणि दिवाळीआधी मी कायम झाले. ती शेवटची आरती कुठली, असं मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, "आमच्या गावाकडची." असली आरती त्यांच्या गावात कुणी ऐकलेली नव्हती. मी पुढं वडूजच्या एकीला मुद्दाम विचारून घेतलं.

गंमत पुढंच आहे. तो हंगाम छान गेला, आणि पुढच्या वर्षी पूजेला एमडी साहेब स्वतःच म्हणाले की ती गेल्या सालची आरती झालीच पाहिजे. सुभेदारांनी गंभीर तोंडानं म्हटली. गुरुजींनी शब्द उतरवून घेतले. लोकांना एवढं पक्कं आठवत होतं की व्हरांड्यातून कुणीतरी कापड हलवल्याशिवाय ती थांबवायची नाही. कापड मीच हलवायचं, हेही ठरून गेलं. पूजेच्या पेटीत त्यासाठी एक पांढरं उपरणं आलं. कारण कुणी विचारलं नाही आणि आम्ही दोघांनी सांगितलं नाही. मी व्हरांड्यात, ते बॉयलरपाशी, आणि एवढ्या लांबूनही त्यांचा तो मिचकवलेला डोळा मला दिसल्यासारखा वाटायचा.

ते रिटायर होऊन गावी गेले. एका वर्षी पूजेच्या आधी थोडे दिवस वडूजहून निरोप आला की सुभेदार गेले. मला फार वाईट वाटलं. माझ्या पोटापाण्यामागं त्या माणसाचा आवाज उभा होता.

त्या वर्षीही पूजा झाली. गुरुजींनी आरती उचलली, सगळ्यांनी टाळ्या धरल्या. मी उपरणं घेऊन व्हरांड्यात उभी होते. ध्रुवपद आलं, पुन्हा आलं. लोक मान वळवून माझ्याकडं बघायला लागले. एमडी साहेबही बघायला लागले.

मी बराच वेळ ते उपरणं हलवलं नाही. गाऊ देत म्हटलं.