न लिहिलेली पायरी

हॉस्पिटलच्या ॲपमधल्या चुका शोधणं हे माझं काम. सुकापूरच्या घरात जेवणाच्या टेबलावर तीन फोन मांडून दिवसभर बटणं दाबत बसायचं. गेल्या वर्षी कंपनीने एआय एजंट आणला आणि बटणं दाबायचं काम त्याच्याकडे गेलं. मी साध्या भाषेत पायऱ्या लिहून देते. तो ॲप उघडतो, वाचतो, बटणं दाबतो आणि दुपारपर्यंत अहवाल देतो.

"एजंट म्हंजे जमिनीचा?" बाबांनी विचारलं होतं. आमची कोन गावची जमीन विकली गेल्यापासून त्यांना तेवढाच एक एजंट माहीत. समजावून सांगितल्यावर ते बराच वेळ टेबलावरच्या फोनकडे बघत राहिले. कुणाचं बोट नाही आणि पडदा सरकतोय, नाव-गाव आपोआप उमटतंय. "बघायला बरं नाय वाटत," ते म्हणाले. मी हसले. बरं मलाही वाटत नव्हतं, पण पगार घेणाऱ्याने असं बोलायचं नसतं.

नवी आवृत्ती बाहेर गेली की खऱ्या ॲपवरही एक फेरी मारावी लागते. तिथे खोटा पेशंट चालत नाही, म्हणून मी बाबांचं खातं वापरायचे. हे चूक आहे हे मला ठाऊक होतं. पण आमच्या टीममध्ये सगळेच कुणाचं तरी वापरतात, कुणी बायकोचं, कुणी सासूचं. अपॉइंटमेंट रद्द करायची पायरी आली की मी 'नक्की रद्द करायची?' या प्रश्नापर्यंत जायचे, प्रश्न नीट दिसतोय एवढं बघायचे आणि मागे फिरायचे. पाच वर्षांत एकदाही 'हो' दाबलं नाही. पण हे कुठे लिहूनही ठेवलं नव्हतं. एजंटला पायऱ्या लिहून देताना थांबायचं कुठे, तेवढं सांगायचं राहिलं. तो पडला सांगकाम्या. त्याने 'हो' दाबलं.

त्या खात्यात तेव्हा बाबांच्या ॲन्जिओग्राफीची तारीख होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, अजिबात लांबवू नका. त्या दिवशीचा अहवाल मी चहा पिता पिता वाचला. सगळ्या ओळी हिरव्या होत्या. मी खूश झाले, याची आज लाज वाटते.

भरती व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी मी बॅग भरत होते. टॉवेल, फाईल, चष्म्याचं घर. बाबा दारात येऊन उभे राहिले.

"कशाला भरतेस? तारीख तर तू रद्द केलीस ना?"

त्यांच्या फोनवर चार दिवसांपूर्वीच निरोप आला होता. विनंतीनुसार अपॉइंटमेंट रद्द. "मना वाटलं, माझा भ्यालेला चेहरा बघून केलंस," ते म्हणाले. मग आठवलं, चार दिवस ते पोटभर जेवत होते, सकाळी बाजारात जाऊन मासळी आणत होते. माणूस बरा होतोय असंच मला वाटलं होतं.

हॉस्पिटलला फोन लावला. ती जागा दुसऱ्या पेशंटला गेली होती. पुढची तारीख दीड महिन्यानंतरची, आणि मध्ये काही झालं तर सरळ इमर्जन्सीत आणा, असं फोनवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं. मी ती तारीख घेतली.

संध्याकाळी मी बाबांना खरं काय ते सांगितलं. मी केलं नाही, त्या एजंटने केलं, आणि चूक माझी होती. ते रागावतील असं वाटलं होतं.

"मग नवी तारीख पन त्यालाच रद्द कराया सांग," ते म्हणाले.

"बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं. तुझा हात नाय धजायचा. त्याला काय?"

छातीत दुखतंय का, हे विचारायचीही भीती वाटली.